अंगणातील हिरवी चटई आणि आपली जबाबदारी

आपल्या स्मरणिकेत हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब अशा विषयांवर अधिकारी व्यक्ती लिहीत आल्या आहेत. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला एक साधा शल्यचिकित्सक. घरच्या अंगणातील कृत्रिम हिरवळीचे क्रीडांगण आणि त्याची निगा, हा माझा विषय ऐकून काही सहकारी हसले. परंतु हा विषय मला स्वतःच्या नातवाच्या गुडघ्यावर सुरी चालवून शिकावा लागला आहे.

हॉकीपटू रूपसिंग यांच्या या ग्वाल्हेरला कृत्रिम हिरवळीची महती नव्याने सांगायला नको. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच या पृष्ठभागावर खेळली गेली आणि आपला संघ सातव्या क्रमांकावर फेकला गेला. तेव्हा दुरून पाहिलेली ती हिरवळ आता घरोघरी आली आहे. आम्हीही तीन वर्षांपूर्वी घरामागे बॅडमिंटनच्या मैदानाएवढ्या, म्हणजे ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद जागेत ती बसवून घेतली. बसवणाऱ्याने सांगितले, "एकदा बसवा आणि विसरून जा." आम्ही त्याची आज्ञा अक्षरशः पाळली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्लास्टिकची पाती आडवी झाली, त्यांना उभी धरणारी वाळू एका कडेला सरकली, कडुनिंबाखालच्या कोपऱ्यात शेवाळ धरले आणि कबुतरांची विष्ठा तर नित्याचीच झाली. अशा जागी नातू घसरून पडला. गुडघा खरचटला आणि चौथ्या दिवशी तेथे पू झाला. त्याच आठवड्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा कोपरावर तसेच गळू घेऊन आला. दोघे एकत्र खेळत आणि नळाजवळ टांगलेल्या एकाच टॉवेलने अंग पुसत. पुवाच्या तपासणीत दोघांतही स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला.

२००३ साली सेंट लुईस येथील व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघात असेच घडले होते. ५८ पैकी ५ खेळाडूंना औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचा संसर्ग मिळून आठ वेळा झाला आणि प्रत्येक वेळी तो हिरवळीवर खरचटलेल्या जागीच झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने बोट ठेवले ते मात्र एकच टॉवेल अनेकांनी वापरणे, हात न धुणे, अंघोळ न करता सामाईक कुंडात उतरणे यांवर. हिरवळीने दार उघडले, जंतू आत आणले ते माणसांच्या सवयींनी. माझ्या घरीही याहून निराळे काही झाले असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, कृत्रिम हिरवळ हा जुनाट आजाराच्या रुग्णासारखा विषय आहे. तिला एकदाच शस्त्रक्रिया करून मोकळे होता येत नाही. नियमित तपासणी हवी. ही तपासणी अवघड नाही. पाने रोजच्या रोज झाडावीत. आठवड्यातून एकदा ताठ नायलॉनच्या झाडूने पाती ज्या बाजूला झुकली असतील, त्याच्या उलट दिशेने झाडावे; म्हणजे ती उभी राहतात आणि वाळू समान पसरते. तारेचा ब्रश कधीही वापरू नये. वाळू कोरडी असताना जोराच्या हवेने उडवू नये. सिलिकाची धूळ फुप्फुसांना काय करते, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पक्ष्यांची विष्ठा आधी ओली करून मगच उचलावी आणि जागा सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी. पेट्रोल, थिनर, तीव्र ब्लीच यांपासून दूर राहावे. दिवाळीत फुलबाजीची एक ठिणगीही पाती वितळवते. पावसाळ्यापूर्वी पाणी वाहून जाण्याची वाट मोकळी करावी, अन्यथा साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होणारच.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. मे महिन्यातील दुपारी या पृष्ठभागाचे तापमान साठ अंशांच्याही वर जाऊ शकते. पाणी मारल्याने थोडा वेळच गारवा मिळतो आणि तिघऱ्याच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात तो अपव्यय शोभत नाही. मुलांनी सकाळ-संध्याकाळी खेळावे, हाच खरा उपाय.

आणखी एक गोष्ट. तुटलेली पाती नळीच्या पाण्याने गटारात लोटली की ती कधी ना कधी स्वर्णरेखेत पोचतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा मैदानांत भरल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यांच्या विक्रीवर २०३१ पासून बंदी घालण्याचे ठरवले, ते याच कारणाने. आपल्याकडील वाळूला तो नियम लागू होणारा नसला, तरी पाती झाडून कचऱ्यात टाकणे आणि मोरीला जाळी बसवणे आपल्या हाती आहे.

कोणी म्हणेल, यापेक्षा जुने मातीचे अंगण काय वाईट होते? लष्करातील वाड्यांत वाढलेल्या माझ्यासारख्याला त्या अंगणाची ओढ आहेच. पण त्याचे गोडवे गाताना आपण दोन गोष्टी विसरतो. धनुर्वात आणि कृमी त्याच मातीतून येत. आणि ते अंगण आपोआप स्वच्छ राहत नव्हते. सडा-सारवण करण्यासाठी घरातील स्त्रिया पहाटे उठत. त्या कष्टांना कोणी 'देखभाल' म्हटले नाही, म्हणून ते दिसले नाहीत. आज 'देखभालीची गरज नाही' असे सांगून हिरवळ विकली जाते, तेव्हाही ते काम नाहीसे होत नाही. ते कामाच्या बाईंच्या किंवा माळ्याच्या माथी जाते. ज्याने हौस केली, त्यानेच झाडू धरावा, असे मला वाटते. आठवड्याची पंधरा-वीस मिनिटे ज्याला देता येत नाहीत, त्याने ही हिरवळ बसवू नये.

आमच्या अंगणात आता रविवारी सकाळी झाडू माझ्या हाती असतो. नळाजवळ साबण आहे आणि दोन खुंट्यांवर दोन टॉवेल. दोन्ही मुले खरचटले की आधी साबणाने जखम धुतात आणि मगच मला दाखवायला येतात. चाळीस वर्षे मी जे रुग्णांना सांगत आलो, ते माझ्या घराच्या मागील दारापर्यंत पोचायला एवढा उशीर लागला, याची मात्र खंत वाटते.