आरशातलं नाक

चित्रकलेचा बदली तास आमच्याकडे आला. आठवीच्या मुलींना म्हटलं, आरशात पाहून आपापला चेहरा काढा. एकीने डोळे, दुपट्टा सुरेख काढले. नाकाच्या जागी मात्र खोडून खोडून कागद फाटला. "टीचर, माझं नाक फार वाईट आहे." नाक चारचौघींसारखंच होतं. अम्मीकडून कळलं, पोरगी तासन्‌तास आरशापुढे असते, लग्नाकार्याला येत नाही.

हा नखरा नव्हे, आजार आहे. १८९१ मध्ये इटलीचे डॉक्टर मोर्सेली यांनी त्याला नाव दिलं. बहुधा तो किशोरवयातच सुरू होतो. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनाही आपलं नाक छळत असे. १९५०च्या दशकात शस्त्रक्रिया केली, तरी समाधान नाही. १९६१ मध्ये त्यांनी नाकाच्या 'आधी-नंतर'च्या जाहिरातीवरूनच चित्र केलं. विग घातलेले स्वतःचे चेहरे ते १९८६ पर्यंत रंगवत राहिले.

चित्राने आजार जात नाही. पण मनातलं घरच्यांना दिसतं. "छान तर दिसतेस" म्हणून विषय संपवू नका, "नकटी" म्हणून थट्टाही नको. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या; समुपदेशनाने, औषधाने फरक पडतो. आमची विद्यार्थिनी आता जाते. परवा तिने पुन्हा चेहरा काढला. नाक खोडलं होतं, कागद मात्र शाबूत होता.