ऑपरेशनला कार्ड आहे, गोळीला काय आहे?

सीमाभागातल्या माणसाचं आजारपण हा आता दोन सरकारांच्या प्रतिष्ठेचा विषय झालाय. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, बसवराज बोम्मईंनी, त्याला उघड विरोध केला. टीव्हीवर भांडणं झाली, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. आमच्या गल्लीतल्या शुगरच्या एकाही पेशंटची एकही गोळी त्यामुळं स्वस्त झाली नाही.

गैरसमज नको. ती योजना आपल्याला मिळालीच पाहिजे. आजारी माणसाला कुणी मदत देत असेल तर आडवं पडणारं सरकार कुठल्याही भाषेचं असो, ते निर्दयच. पण कार्ड मिळालं म्हणजे प्रश्न सुटला, हे जे आपल्याला दोन्ही बाजूंनी ऐकवलं जातंय ते खोटं आहे.

कार्ड कधी चालतं? माणूस ॲडमिट झाला की. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. एपीएल असाल तर पॅकेजच्या फक्त ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. बाकीचे ७० टक्के तुम्ही बघा. या सगळ्या योजनांचा जीव ऑपरेशन, ॲडमिशन आणि डिस्चार्जनंतरचे थोडे दिवस यात आहे. रोजची गोळी, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, डॉक्टरची फी, जाण्यायेण्याचं वडापचं भाडं, यातलं काहीही सहसा त्यात बसत नाही.

आमच्या घरातला हिशेब मीच लिहिते, म्हणून सांगते. आजीला बीपी आणि शुगर, बाबांना कंबर. गेल्या वर्षभरात आमच्या घरातलं कुणीही ॲडमिट झालं नाही. म्हणजे सरकारच्या हिशेबात आम्ही ठणठणीत. तरी महिन्याला सरासरी १,९०० रुपये औषधं आणि तपासण्यांत गेले. बाबांचा टेम्पो. महिना बरा गेला तर १६ हजार येतात. घरखर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसा आजारपणावर गेला तर तो खर्च कुटुंबाला खाली ओढणारा मानावा, असा एक आंतरराष्ट्रीय निकष आम्हाला शिकवलाय. त्या धड्यात माझंच घर निघालं. कार्ड मात्र कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकदाही बाहेर न काढलेलं.

ॲडमिशन होतं तेव्हा दागिने जातात, पतसंस्थेत अर्ज जातो, सगळ्या भावकीला कळतं. गोळीचं तसं नसतं. ती भिशीचा हप्ता चुकवते, क्लासची फी पुढं ढकलते, आणि महिनाअखेरीला आजी दोन गोळ्यांऐवजी एक घेते. विचारलं तर म्हणते, "आज बरं वाटतंय की गं." हे कर्ज कुठल्याच कागदावर दिसत नाही.

सरकारी आकडा असा आहे की २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चाचा ६४.२ टक्के भाग लोकांच्या खिशातून जात होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ झाला. घट आहे, मान्य. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून आपलेच आहेत, आणि त्यातला मोठा वाटा औषधांचा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करायचं ठरलं होतं. २०२१-२२ ला तो १.८४ होता.

"मग सरकारी दवाखान्यात जा की," असं म्हणणारे भेटतात. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सरकारी दवाखान्यातल्या एका ॲडमिशनचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये होता, खासगीत ३१,८४५. एवढा फरक असूनही लोक खासगीत का जातात? हौस म्हणून नाही. सरकारी दवाखान्यात अर्धा दिवस रांगेत गेला की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि वर औषध संपलंय म्हणून बाहेरची चिठ्ठी. आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे. पाटी कन्नडमध्ये, फॉर्म कन्नडमध्ये. नर्सबाई बऱ्याचदा मराठी बोलतात, समजावून सांगतात, ते नाकारत नाही. पण साठीच्या बाईला कागद वाचता आला नाही की ती बिचकते आणि मराठी बोलणाऱ्या खासगी डॉक्टरकडं जाते. तिथली फी ती आजाराबरोबर भाषेसाठीही भरत असते.

आणि हे फक्त मराठी माणसाचं दुखणं आहे असं मी म्हणणार नाही. वडगाव-शहापूरला मागावर बसणारा कन्नड विणकर मेडिकलच्या त्याच काउंटरवर तेवढेच पैसे मोजतो. आपले नेते या मुद्द्यावर थंड का असतात? त्यावर आपली-त्यांची अशी गर्दी जमत नाही म्हणून, असं माझं मत आहे.

हे अशक्य आहे म्हणावं तर तेही नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. घाऊक खरेदी, तपासणी, आणि सरकारी दवाखान्यात मोफत वाटप. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. दोन्ही राज्यांत दोन वेगळे पक्ष, दोन वेगळ्या भाषा. औषध दवाखान्यातच मिळायला लागलं की बाहेरची चिठ्ठी कमी होते, एवढं साधं गणित आहे.

१९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तातडीचे उपचार नाकारणं हा कलम २१ चा भंग आहे. परीक्षेत यावर मार्क मिळतात. रोजच्या गोळीचा हक्क मात्र अजून कुणी आपल्या हातात दिलेला नाही, तो मागायलाच लागणार.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. बीपीची गोळी तोपर्यंत थांबत नाही. तेव्हा खानापूर, निपाणी, बेळगाव, जिथं असाल तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, बीपीएलला तीही नाही. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून एवढंच विचारा: गेल्या सहा महिन्यांत बीपी आणि शुगरची कुठली औषधं, किती दिवस स्टॉकमध्ये नव्हती? उत्तर आलं की इथं टाका. माझा अर्ज परवा गेलाय.