मोकळं जग म्हणजे पोकळ कथा नव्हे



‘स्कायरिम’मध्ये नुसतं भटकणं आहे, कथा हवी तर ‘विचर ३’ खेळावा, असं गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं. मुळात २०१५चा ‘विचर ३’ही मोकळ्या जगाचाच गेम आहे, हे ते सोयीस्करपणे विसरले! त्यातलं ब्लडी बॅरनचं प्रकरण थोरच. झाडात कोंडलेल्या आत्म्याला सोडवलं तर अनाथ पोरं वाचतात, पण गाव उद्ध्वस्त होतं, बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर पोरं जातात. हळहळ काही चुकत नाही. मात्र त्याचा नायक गेराल्ट कोण, हे पोलिश कथा-कादंबऱ्यांनी आधीच ठरवलेलं. आपण फक्त त्याच्या अंगात शिरायचं.

२०११च्या ‘स्कायरिम’मध्ये अल्डुइन नावाचा ड्रॅगन जग गिळायला निघालेला असताना आपण खुशाल चीज गोळा करत हिंडतो आणि तो बिचारा वाट पाहतो, हे हास्यास्पद आहे, कबूल. पण तिथल्या फ्रॉस्टफ्लो दीपगृहात जाऊन बघा. एका कुटुंबाचा शेवट त्यांच्या डायऱ्यांतून तुकड्यातुकड्यांनी कळतो. बापाचे अवशेष सापडल्यावर, त्याच्या इच्छेप्रमाणे ते दीपगृहाच्या अग्नीत ठेवायचे की नाही, हे आपल्यावर. यालाही पत्रलेखक भटकणंच म्हणणार का?

– एक वाचक, नाशिक