कानांची पारख आणि डोळ्यांची भूल

घरी संगीत ऐकण्यासाठी उंची स्पीकरांची जोडी घ्यावयाची म्हणजे मध्यमवर्गीय माणसाच्या दृष्टीने तो किरकोळ खर्च नव्हे. कित्येक महिन्यांची शिल्लक त्यात जाते. इतकी रक्कम मोजणारा ग्राहक दुकानात मात्र घटकाभर दोन-चार जोड्या ऐकतो आणि त्यातली एक पसंत करून मोकळा होतो. ही निवड आपल्या कानांनी केली, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

या बाबतीत फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली मांडलेला प्रयोग उद्बोधक आहे. हार्मन या स्पीकर बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना त्यांनी चार स्पीकर ऐकविले. एकदा पडद्याआड ठेवून आणि एकदा डोळ्यांसमोर ठेवून. पडद्याआड ज्या लहानशा, स्वस्त संचाने चांगले गुण मिळविले होते, त्याचे गुण तो दृष्टीस पडताच घसरले. आवाज तोच, ऐकणारेही तेच. फरक पडला तो नजरेमुळे. ज्यांचा व्यवसायच हा, त्यांची ही गत. मग सामान्य ग्राहकाची काय कथा?

दुसरी भूल आवाजाच्या पातळीची. दोहोंपैकी जो स्पीकर किंचित मोठ्याने वाजतो, तोच अधिक भरदार व स्पष्ट भासतो. एका स्पीकरची संवेदनक्षमता ८४ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० डेसिबल असेल, तर दुसऱ्याइतका आवाज काढण्यास पहिल्याला अॅम्प्लिफायरची चौपट शक्ती लागते. बटण एकाच खुणेवर ठेवून दोन्ही वाजविले, तर दुसऱ्याचे पारडे जड होणार हे उघड आहे. एका धावपटूस दहा पावले पुढे उभे करून लावलेल्या शर्यतीला न्याय्य कोण म्हणेल?

तिसरा प्रश्न खोलीचा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने ५० हर्ट्झच्या खर्ज ध्वनीची तरंगलांबी ६.८ मीटर होते, आणि तिच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११ फूट लांबीच्या खोलीत तो ध्वनी विशेष घुमू लागतो. शहरी सदनिकांतील कितीतरी खोल्या याच मापाच्या असतात. दुकानाच्या प्रशस्त दालनात रेखीव वाटलेला खर्ज घरी कोपऱ्यातून ऐकताना गढूळ होतो, त्याचे कारण हेच.

संगीत हा आवडीचा विषय, तेथे मोजमाप कशाला, असा आक्षेप यावर घेतला जातो. राग कोणता ऐकावा, ही आवड खरीच. तथापि पडद्याआडच्या चाचण्यांत बहुसंख्य श्रोत्यांची पसंती समतोल ध्वनी देणाऱ्या स्पीकरांकडेच झुकते, असे टूल यांच्या संशोधनात आढळले आहे. तंबोऱ्याची जवारी जशीच्या तशी ऐकू येणे हा आवडीचा नव्हे, इमानाचा प्रश्न आहे.

तेव्हा ग्राहकाने संकोच सोडून चार गोष्टी मागाव्यात: आवाजाची पातळी मोजून सारखी करावी, स्पीकर पातळ कापडाआड ठेवावेत, आपल्या परिचयाच्याच ध्वनिमुद्रिका आळीपाळीने वाजवाव्यात आणि अखेरची निवड घरच्या खोलीत ऐकून करू द्यावी. मालाच्या दर्जाची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. ज्या वस्तूचा दर्जा केवळ ऐकूनच कळतो, तिच्या बाबतीत नीट ऐकावयास मिळणे हाच त्या हक्काचा अर्थ होय. आपल्या मालाविषयी खात्री असलेल्या विक्रेत्यास अशा परीक्षेचे भय वाटण्याचे कारण नाही. आणि ज्यास ते वाटते, त्याच्या दुकानाची पायरी ग्राहकाने न चढलेलीच बरी.