शाईत काय आहे?

गणपत कृष्णाजींनी मुंबईत छापखाना काढला तेव्हा पुष्कळ लोक छापील पोथीला हात लावायला कचरत. शाईत चरबी असते, हा त्यांचा आक्षेप. गणपत कृष्णाजींनी मग तुपाची शाई केली. ही हकिगत वर्गात सांगताना आपण हसतो. अलीकडे मात्र मला त्या हसण्याचा फेरविचार करावासा वाटतो.

निमित्त आमच्या विभागाच्या गिरणगाव विशेषांकाचे. मुखपृष्ठासाठी लालबागच्या एका विद्यार्थ्याने पेनड्राइव्हवर 'स्टेबल डिफ्युजन'ची कुणा हौशी माणसाने बदललेली आवृत्ती आणली. हे चित्रे घडवणारे प्रारूप २०२२ साली सर्वांना खुले झाले आणि तेव्हापासून त्याच्या असंख्य आवृत्त्या हातोहात फिरत आहेत. विभागाच्या संगणकावर ती चढेना. फाइल असुरक्षित असल्याची सूचना आली. विद्यार्थ्याने कुठेसा वाचलेला उपाय सांगितला : तपासणीच बंद करू. त्याच संगणकावर मुलांच्या गुणांच्या याद्या होत्या. मी त्याला थांबवले.

जुन्या 'सीकेपीटी' फाइली पायथनच्या 'पिकल' पद्धतीने बांधलेल्या असतात. अशी फाइल उघडताच तीत दडवलेली आज्ञाही अमलात येऊ शकते. 'सेफटेन्सर्स' प्रकारात केवळ आकडे आणि त्यांचे वर्णन असते. म्हणून तोच निवडावा. तेवढ्याने मात्र भागत नाही. जून २०२४ मध्ये 'कम्फीयूआय'च्या एका जोडणीत ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा भाग सापडला. आकड्यांची फाइल निर्धोक असली तरी तिच्यासोबत घेतलेली जोडणी हा स्वतंत्र प्रोग्रॅमच असतो.

माझे म्हणणे एवढेच, की खरा धोका अडचणीच्या वेळच्या उतावीळपणात आहे. अडचणी बहुधा साध्या असतात. चित्र काळेकुट्ट आले तर आकडेमोडीची अचूकता बहुधा अपुरी पडलेली असते. 'लोरा' ही छोटी पुरवणी चालत नसेल, तर ती दुसऱ्याच मूळ प्रारूपासाठी घडवलेली असण्याचा संभव असतो; १.५ साठीची पुरवणी एक्सएलवर चालत नाही. यांपैकी कशासाठीही पहारा उठवावा लागत नाही.

'हा संगणक विभागाचा विषय', असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपणच शिकवतो. मूळ प्रत कोणती, बदल कोणी केला, काय घातले, हे पाठचिकित्सेचे प्रश्न आहेत. ज्या प्रतीबद्दल त्यांची उत्तरे मिळत नाहीत, ती आपण प्रमाण मानत नाही. मग फाइलीलाच सूट का द्यावी?

पुढे त्या विद्यार्थ्याने त्याच आवृत्तीची 'सेफटेन्सर्स' प्रत शोधली आणि गुणांच्या याद्या नसलेल्या वेगळ्या संगणकावर चालवली. गिरणीची चिमणी सुरेख उमटली. खालची देवनागरी अक्षरे मात्र कुणालाच वाचता येईनात. ती शेवटी त्याने बोरूने लिहिली.