विक्रमाला वही लागते

दिवाळी अंकात खेळावर लिहावयाचे म्हणजे क्रिकेटवर लिहावयाचे, असा एक अलिखित दंडक आपल्याकडे आहे. तो मोडून मी खो-खोवर लिहीत आहे. परंतु खो-खोची आरती ओवाळण्याचा माझा विचार नाही. मातीतला खेळ, आपला खेळ, रक्तातला खेळ ही भाषणे मी येडशीत आणि आसपासच्या मैदानांवर पुष्कळ ऐकली आहेत. उद्घाटनाचा नारळ फुटला की ती सुरू होतात आणि पाहुण्यांची मोटार धाराशिवच्या रस्त्याला लागली की संपतात. माझे भांडण या भाषणे करणाऱ्या आपल्याच मंडळींशी आहे. आपण विक्रम करतो, आणि ते लिहून ठेवीत नाही. जो विक्रम लिहिला गेला नाही तो झालाच नाही, असे जग म्हणते. आणि या बाबतीत जगाचे म्हणणे बरोबर आहे.

भाऊसाहेब निंबाळकरांचे उदाहरण कोणास ठाऊक नाही? डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना चालू होता. निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ धावांना गाठावयास अवघ्या नऊ धावा हव्या होत्या, आणि उपाहारानंतर काठेवाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. न झालेल्या त्या नऊ धावांची हळहळ आपण पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ करीत आलो आहोत. का? मैदानाच्या कडेला एक माणूस वही घेऊन बसला होता म्हणून! हुकलेला विक्रमसुद्धा वहीमुळे अमर झाला. आमच्या खो-खोत झालेले विक्रमही मेले.

कोणी म्हणेल, खो-खोत मोजावयाचे असते तरी काय? पुष्कळ असते. पळणारा किती मिनिटे आणि किती सेकंद टिकला, मारणाऱ्याने किती गडी बाद केले, त्यांतले किती खांबावर टिपले, किती सूर मारून, हे सारे मोजता येते. पंचांच्या गुणपत्रकात त्याची नोंद होतेही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अमक्याने इतकी मिनिटे संरक्षण केले, तमकीने इतके गडी बाद केले, अशा दोन ओळी येतात. पुढे ते पान रद्दीत जाते. आता मला सांगा, राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले अधिवेशन १९५९-६० मध्ये विजयवाड्यास भरले. तेव्हापासून आजवर एका डावात सर्वांत अधिक वेळ कोण पळाला? सबंध कारकिर्दीत सर्वांत अधिक गडी कोणत्या मुलीने बाद केले? निंबाळकरांच्या धावा झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगणाऱ्या माझ्या मित्रांपैकी एकानेही या प्रश्नांचे उत्तर दिलेले नाही.

एकदा एका स्पर्धेनंतर मी संयोजकांकडे गुणपत्रके पाहावयास मागितली. ते गृहस्थ भले होते. ते म्हणाले, "अहो, निकाल लागला, ढाली वाटल्या, आता त्या कागदांचे काय लोणचे घालायचे?" ही आपली वृत्ती! ढाल जपावयाची, ती कशाबद्दल मिळाली तो कागद फेकावयाचा.

याच्या उलट एक दूरदेशीचे उदाहरण घेतो. अमेरिकेत बेसबॉल हा धंदेवाईक खेळाडूंचा मोठा खेळ. हेन्री चॅडविक नावाच्या वृत्तपत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्रिकेटच्या धर्तीवर त्याचे गुणकोष्टक रूढ केले, आणि तेव्हापासून तो देश या खेळाचा एकेक चेंडू टिपून ठेवीत आला आहे. १९४१ साली ज्यो डिमॅजिओ याने लागोपाठ ५६ सामन्यांत यशस्वी फटका मारला. त्या वर्षीच्या १७ जुलैस क्लीव्हलँड येथे ही मालिका तुटली, कारण तिसऱ्या तळाशी उभ्या असलेल्या केन केल्टनर याने त्याचे दोन जोरकस फटके अडविले. पाहा, केल्टनरचे ते दोन झेपावणे आज आठवते ते ५६ या आकड्यामुळे. आकड्यांनी खेळाचा आत्मा मरतो, असे आमचे काही रसिक नाक मुरडून म्हणतात, त्यांनी याचा विचार करावा. हुलकावणीचे सौंदर्य मोजता येत नाही, हे मला मान्य आहे. पण आठवणीला टांगावयास खुंटी लागते, आणि ती खुंटी आकडा पुरवितो.

त्याच देशाने वहीचा अन्यायही केला. काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या संघांत मज्जाव होता, म्हणून त्यांनी आपल्या स्वतंत्र लीग चालविल्या. जॉश गिब्सन हा त्यांतला अचाट फटकेबाज. त्याने सुमारे ८०० होम रन, म्हणजे एका फटक्यात चारही तळ फिरून येण्याचे पराक्रम, केले असे त्याच्या गौरवफलकावर कोरले आहे. लीगच्या सामन्यांचे जे कागद सापडले त्यांत दोनशेही भरत नाहीत. बाकीचे गावोगावच्या सामन्यांत वाहून गेले. जॅकी रॉबिन्सन याने १९४७ च्या एप्रिलमध्ये ती वर्णभिंत फोडली, आणि गिब्सन त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता. पुढे संशोधकांनी काळ्यांच्या जुन्या वर्तमानपत्रांतली कोष्टके वर्षानुवर्षे धुंडाळली. २०२४ च्या मे महिन्यात ते आकडे अधिकृत नोंदीत घेतले गेले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत ०.३७२ वर असलेला गिब्सन ०.३६७ च्या टाय कॉबला मागे टाकून पहिला आला. मृत्यूनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी न्याय मिळाला, तो कोणा संपादकाने एका काळी कोष्टक छापले होते म्हणून. आमच्या पोरींसाठी सत्त्याहत्तर वर्षांनी कोणी शोधावयास निघाला, तर त्याला काय सापडणार आहे?

"पोरींसाठी" असे मी मुद्दाम म्हणतो. धाराशिवचे नाव खो-खोत ज्यांनी गाजविले त्यांत मुली आघाडीवर आहेत. सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९८ च्या शोभा नारायण हिच्यानंतर खो-खोला मिळालेला तो पहिलाच. तेव्हा घरच्या हलाखीत एकवेळच्या जेवणावर तिने दिवस काढल्याची हकीकत सर्वत्र छापून आली. छापली हे योग्यच केले. परंतु मी वाचलेल्या एकाही मजकुरात ती किती मिनिटे पळाली, तिने किती गडी टिपले, याचा हिशेब नव्हता. तिची भूक छापली, तिचा खेळ छापला नाही! क्रिकेटपटूबद्दल आपण असे लिहू का? दया दाखविणे सोपे असते. दाद द्यावयाची तर मोजावे लागते.

धंदेवाईक लीग आली तेव्हा मला आशा वाटली. २०२२ साली पुण्याच्या पहिल्या हंगामात ओडिशाने तेलुगू योद्धाज संघाला ४६-४५ असे एका गुणाने हरविले, आणि खो-खोतही श्वास रोखणारा अंतिम सामना असतो हे घरोघरच्या दूरदर्शन संचांवर दिसले. सेकंदांचा हिशेब पडद्यावर झळकू लागला. पण २०२२ आणि २०२३-२४ या दोन्ही हंगामांत लीगचे संघ पुरुषांचेच होते. म्हणजे पैसा आला, वही आली, आणि ज्यांच्या नावाने हा जिल्हा ओळखला जातो त्या मुली वहीच्या बाहेरच राहिल्या. पुढे १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीस पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आमच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरविले. धाराशिवची अश्विनी शिंदे त्या संघात होती. पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६ असे नमविले. आनंद झाला, मिरवणुकाही निघाल्या. त्या ७८ गुणांची तुलना मात्र कशाशी करावयाची? पूर्वी गड्याला एक गुण होता; लीगमध्ये दोन झाले, सूर मारून टिपल्यास तीन. मातीच्या जागी मॅट आली, डावाची मिनिटे बदलली. नियम बदलावेत, त्यास माझी हरकत नाही. पण जुन्या नियमांचा खेळ लिहिलेला नसेल तर नव्याची उंची कळणार कशी?

यावर पैसा नाही हे उत्तर मला कोणी देऊ नये. दोनशे पानी वहीला पैसा लागत नाही. येडशीच्या शाळेच्या मैदानावर स्पर्धा झाली, तर तारीख, मैदान, नियम, प्रत्येक गड्याचे मिनिट-सेकंद आणि टिपलेले गडी एवढे लिहावे. एक प्रत शाळेने जपावी, एक जिल्हा संघटनेस द्यावी, आणि संघटनेने वर्षाकाठी पुस्तिका छापावी. मुलीचे नाव लिहिताना जन्मगाव व जन्मतारीख अवश्य लिहावी. कारण लग्नानंतर तिचे आडनाव बदलते, आणि कागदावर एका खेळाडूच्या दोन अर्धवट खेळाडू होतात. हा घोळ ना निंबाळकरांच्या वाट्याला आला, ना ब्रॅडमनच्या.

स्पर्धांच्या मांडवावर आपण हजारो रुपये घालतो. पुढच्या स्पर्धेत पाहुण्यांच्या एका हाराचे पैसे वाचवून ती वही आणावी, आणि तिच्याजवळ बसावयास एक शहाणा पोर नेमावा. हे करावयाचे नसेल, तर निदान मातीच्या अभिमानाची भाषणे तरी बंद करावीत.