पिशवी काढलेल्या स्त्रीला अश्वगंधा देण्यापूर्वी

चाळिशीच्या आसपासच्या स्त्रीला थकवा, निद्रानाश, चिडचिड आणि अंगातून निघणाऱ्या वाफा या तक्रारींसाठी अश्वगंधा, शतावरी, अशोक किंवा जटामांसी यांचे कल्प देण्याचा प्रघात आयुर्वेद-चिकित्सकांत जुनाच आहे. अलीकडे त्यात ‘स्ट्रेस’ आणि ‘हार्मोन बॅलन्स’ या नावांनी थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या पूरक उत्पादनांची भर पडली असून तालुक्याच्या मेडिकल दुकानातही ती सहज मिळतात. या द्रव्यांना चिकित्सेत स्थान आहे. मात्र धाराशिव आणि त्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ती देताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारला गेला पाहिजे आणि तो बहुधा केसपेपरवर आढळत नाही: पाळी आपोआप गेली, की पिशवी काढली?

बीडमधील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सुमारे सहा जणींत एक. नवरा-बायकोची जोडी एकच ‘कोयता’ म्हणून मोजणारी, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीने हंगामभर बांधलेली आणि एका दिवसाच्या गैरहजेरीला खाडा, म्हणजे दंड, लावणारी ही व्यवस्था पाळीच्या त्रासाला सवड ठेवत नाही, आणि अंगावरून पांढरे जाण्यासारख्या औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारीवरही कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवली गेल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले आहे. कळंब, वाशी आणि भूम हे तालुके बीडच्या सीमेवर आहेत, तेथूनही टोळ्या जातात. तेव्हा हा प्रश्न शेजारच्या जिल्ह्याचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

सुश्रुताने रजःप्रवृत्तीचा काळ बारा ते पन्नास वर्षे असा सांगितला आहे आणि भारतीय स्त्रियांत नैसर्गिक रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते, असे आजचे निरीक्षण आहे. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशयेही काढली असतील, तर इस्ट्रोजेन हा अंडाशयात तयार होणारा संप्रेरक काही दिवसांतच ओसरतो. अंडाशये राखली तरी रजोनिवृत्ती काही वर्षे लवकर येण्याचा संभव वाढतो आणि पाळीच बंद असल्याने ती कधी आली हे कळत नाही. पस्तिशीत अंडाशये गमावलेल्या स्त्रीत हाडांची झीज आणि हृद्रोग यांचा धोका वाढतो, म्हणूनच प्रतिबंध करणारे कारण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक-उपचार देण्याची शिफारस आधुनिक मार्गदर्शक तत्त्वे करतात. अश्वगंधा हे इस्ट्रोजेन पुरवत नाही. अशा स्त्रीला केवळ कॅप्सूलवर वर्षानुवर्षे ठेवणे म्हणजे तिच्या हाडांचा प्रश्न झोपेच्या औषधाने सोडवू पाहणे आहे, आणि तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवण्यात आयुर्वेदाला कमीपणा येत नाही.

नैसर्गिक संक्रमणकाळात असलेल्या स्त्रीची गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत रजोनिवृत्तीपूर्व काळातील शंभर स्त्रियांना अश्वगंधा-मूळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय औषध आठ आठवडे देण्यात आले आणि अर्काच्या गटात लक्षणे अधिक कमी झाली. निष्कर्ष आशादायक आहे, पण आठ आठवडे आणि शंभर स्त्रिया एवढ्यावर आयुष्यभराचा सल्ला उभा राहत नाही. शिवाय वाफांच्या तक्रारीत निष्क्रिय औषधानेही मोठा उतार पडतो, हे संप्रेरक-चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातच दिसले आहे. शतावरीचा आधार परंपरेत भक्कम असला तरी चाचण्यांत अश्वगंधेहून तोकडा आहे. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन, म्हणजे इस्ट्रोजेनशी अंशतः साम्य असलेली वनस्पतिज द्रव्ये, वाफांची वारंवारता निष्क्रिय औषधापेक्षा सुमारे एक-पंचमांशाने कमी करतात असे एका आढाव्यात आढळले. ज्या जिल्ह्यात खरिपाचे शिवार सोयाबीनने व्यापलेले असते, तेथे ते जवळपास सगळे बाजारात जाते आणि पिकवणारीच्या ताटात क्वचितच येते, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

बाजारातील डबीकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. तेच मूळ आयुर्वेदिक औषध म्हणूनही विकले जाते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली आरोग्यपूरक अन्न म्हणूनही; या दुसऱ्या प्रकारच्या डबीवर ती औषधी वापरासाठी नसल्याचे छापणे बंधनकारक आहे, आणि पुढच्या बाजूला मात्र तणाव व संप्रेरकांची भाषा असते. पाळीच्या विकारांवर इलाज होतो अशी औषधाची जाहिरात करण्यास १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मनाई करतो, हे समाजमाध्यमांवर स्वतःचा कल्प विकणाऱ्या काही व्यावसायिकांनाही ठाऊक नसावे, असे त्यांच्या जाहिराती पाहता वाटते. अश्वगंधेच्या पानांचा वापर टाळावा, असे आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच उत्पादकांना कळवले आहे. तेव्हा अर्क मुळाचा की पानांचा, हे लेबलावर नसेल तर तो न लिहिलेलाच बरा. अशोकाच्या सालीत आसुपालवाची भेसळ होते, हे तर द्रव्यगुणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते.

अश्वगंधेने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकतात, झोपेच्या आणि मधुमेहाच्या औषधांचा परिणाम तीव्र होऊ शकतो आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा थायरॉइडची गोळी चालू आहे का, हिमोग्लोबिन किती, स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास आहे का आणि पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाला का, हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी आधी आणि अशोकारिष्ट नंतर. दुष्परिणाम आढळल्यास तो आयुषच्या औषध-दक्षता कार्यक्रमाकडे कळवावा, ज्याचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे.

तणावाबद्दल बोलताना २०१५ मध्ये शासनाने शेतकरी-आत्महत्या रोखण्यासाठीच्या बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळसोबत धाराशिव हाच जिल्हा निवडला होता, याचे स्मरण ठेवावे. कर्ज, नापिकी आणि घरातील आत्महत्या यांनी झोप उडालेल्या स्त्रीला जटामांसीबरोबर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही लिहून द्यायला हवा. ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णेच्या बाबतीत अडचण अधिक साधी आहे: दिवाळीच्या सुमारास दोन महिन्यांचे औषध घेऊन ती टोळीबरोबर निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते, त्यामुळे मधल्या काळात ना तपासणी होते ना मात्रा बदलते. निघण्यापूर्वी थायरॉइड, रक्त आणि रक्तदाब पाहून त्यांची नोंद असलेला कागद तिच्या हाती द्यावा, औषध किती दिवसांनी थांबवायचे ते त्यावर ठळक लिहावे, आणि डोळे पिवळे झाले किंवा छाती धडधडू लागली तर डबी बंद करून जवळच्या सरकारी दवाखान्यात तो कागद दाखवावा, हे तिच्यासोबत तिच्या नवऱ्यालाही समजावून सांगावे.